गप्पांच्या वेगाने

मित्रांनो, हँडलवरची पट्टी कितीदा बदलली गेली ते आता आठवत नाही, एवढी मी जुनी आहे. मी नाशिकची एक शर्यतीची सायकल. माझे भाग कुठे तयार झाले ते मला ठाऊक नाही. मला जोडलं मात्र सोमनाथरावांनी, गंगापूर रोडवरच्या घराच्या गॅलरीत. ते मनमाडला रेल्वेत होते. नट किती आवळायचा हे त्यांच्या बोटांना कळायचं.

मी त्यांच्या मुलीसाठी, तेजस्विनीसाठी होते. ती ट्रायथलॉन करते. म्हणजे आधी पोहायचं, मग मला पळवायचं, मग स्वतः पळायचं. लोक माझ्या वेगाचं कौतुक करत. पण गेल्या शर्यतीत मी वाऱ्यासारखी गेले आणि ती माझ्यावरून उतरली, तेव्हा तिच्या पायांत काही उरलंच नव्हतं. शर्यत अर्धीच राहिली.

"थंडीत बघू," सोमनाथराव, म्हणजे तिचे पप्पा, एवढंच म्हणाले.

त्या थंडीत तिची एकही शर्यत नव्हती. मला वाटलं, आता विश्रांती. पण पप्पा रोज पहाटे स्कूटरवर आमच्या बाजूने यायचे आणि तिला पाढे म्हणायला लावायचे. धाप लागून पाढा मध्येच तुटला की वेग कमी करायचा.

"पप्पा, अशाने रिक्षासुद्धा पुढे जाईल."

"जाऊ दे तिला. तिला नंतर पळायचं नाहीये. हळू चालवलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. मग पाय टिकतात."

हळू जाऊन वेग कसा वाढतो? मला याचं फार कुतूहल वाटायचं.

मार्गशीर्षात पप्पा दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. मी गॅलरीत उभी राहिले. चेन गंजली, टायर बसले. मग एके दिवशी तेजस्विनीने मला पुसलं, टायरमध्ये हवा भरली आणि त्र्यंबक रोडला असं पिटाळलं की माझे सांधे कुरकुरले. रोज तेच. शब्द नाही, पाढा नाही. असंच चाललं असतं तर पुढची शर्यतही अर्धीच राहिली असती.

शेवटी तिच्या आईने, ललिताबाईंनी, स्कूटर बाहेर काढली.

"तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट," तेजस्विनी धापा टाकत म्हणाली.

"पाढा तुला झोपेतही येतो. मला काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"त्या दिवशी दवाखान्यात मी चहाला खाली गेले होते ना, तेव्हा पप्पा तुला काय म्हणाले?"

माझी पेडलं हळू झाली. अजून हळू झाली.

"सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. ते म्हणाले, 'शुगर असून तुझी आई खाली नक्की साखरेचा चहा पितेय. आली की विचार तिला.' मग त्यांनी डोळे मिटले."

एवढं सगळं ती एकदाही न थांबता बोलली. द्राक्षांचा एक मळा मागे गेला, दुसरा आला.

"साखरेचाच घेतला होता," आई म्हणाल्या.

"किती चमचे?"

"ते नको विचारूस."

आता आम्ही रोज जातो. पुढच्या शर्यतीला अजून वेळ आहे. तिचे पाय टिकतील का, हे बघायला मीही उत्सुक आहे.

मित्रांनो, मोसम संपला म्हणून सायकल खिळ्याला टांगून ठेवू नका. चेनला तेल द्या, टायरमध्ये हवा असू द्या. आणि घरातलं कुणी गप्प राहून सायकल चालवत असेल तर त्याच्या बाजूने जा, त्याला काहीतरी विचारा. उत्तर पुरं होईपर्यंत मात्र त्याच्या पुढे जाऊ नका.