झील धरणाऱ्या बायका

शिरे नदीकाठच्या म्फुंदा गावात बुधवारचा दवाखाना गाण्यानेच उघडायचा. आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगलेला, त्यात लोंबकळून गाव डोक्यावर घेणारी पोरं, आणि सावलीत पाय पसरून बसलेल्या बाया. तियामिके पुढे उभी राहून ओळ सांगे, बाया टाळ्यांवर झील धरत. पाणी उकळा, पोरांना मच्छरदाणीत निजवा, दिवस गेले की लवकर या. सगळा उपदेश गाण्यातून. रविवारी देवळात याच बाया देवाचं नाव असंच झेलत. ओळ कानी पडली की आधी तोंड गाणार, अर्थ मागाहून पोचणार. देवाच्या नावासाठी तयार झालेला गळा तो, समोरून आलेल्या ओळीवर संशय कसा घेणार?

तियामिके डॉक्टरकी शिकत होती. मक्याच्या पोत्यांवर बसून, ट्रकच्या धुळीत माखून ती यायची. शहरातल्या बाईला जी औषधं मिळतात ती इथल्या बाईला का नाहीत, एवढंच तिचं भांडण. पण गावातली बाई पोट दिसेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला कळू देत नसे. हेवा करणाऱ्याची दृष्ट लागते, मूल आतच जातं. त्यामुळे औषध पोचायचं तेव्हा उशीर झालेला असायचा.

गावातल्या यांकोच्या आईची, यांकोनंतरची, दोन बाळं अशीच पोटात गेली होती. एका बुधवारी ती आंब्याच्या बुंध्याआड येऊन उभी राहिली.

"मुली, राहिलंय पुन्हा. यांकोच्या बापालाही ठाऊक नाही. तुला एकटीला सांगतेय."

तियामिकेने रक्तदाब पाहिला. तो फार चढलेला होता. "माई, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. मी आहे."

तिच्या तुकडीच्या परीक्षेमुळे तिचा एक बुधवार चुकणार होता. गोळ्या तर पोचायला हव्यात. म्हणून तिने कॉलेजातल्या सोबत्याला, आलिनाफेला सांगितलं. पहिल्या वर्षापासून दोघांनी मिळून हा दवाखाना उभा केला होता. गावच्या बाया त्याला 'आमचा जावई' म्हणून चिडवायच्या.

"कुणाजवळ बोलू नकोस हं."

"मला काय वेड लागलंय?"

त्याने गोळ्या पोचवल्या, अगदी गुपचूप.

मग कॉलेजातून पाहुणे आले. सेवेचं सगळ्यात चांगलं काम निवडून त्याच्या पुढाऱ्याला परदेशी शिकायला धाडायचं होतं. त्या दिवशी गाणं आलिनाफेने हाती घेतलं. गळा गोड, हात वर करून तो नाचायला लागला तशा म्हाताऱ्याही उठल्या. नेहमीच्या ओळी झाल्या आणि त्याने नवी टाकली:

"यांकोची आई शहाणी गं, तिसऱ्याच महिन्यात आली गं!"

साऱ्या बायांनी झील धरली. यांकोच्या आईनेही धरली. 'शहाणी गं'पर्यंत तिचा आवाज सगळ्यांत मिळालेला होता. मग तिच्या टाळीचे दोन हात एकमेकांना न लागताच थांबले. समोर बसलेल्या सासूने मान वळवली. एकेक करत बाया गप्प झाल्या. पाहुणे तेवढे टाळ्या वाजवत राहिले.

गाडीशेजारी तियामिकेने त्याचा दंड धरला. "काय केलंस हे?"

"अगं, कौतुकच केलं ना तिचं! नाव घेतल्याशिवाय पाहुण्यांना खरं वाटतं का? बघितलंस ना, किती खूश झाले?"

"तिने मला एकटीला सांगितलं होतं."

"आणि तू मला," तो हसला.

संध्याकाळी ती यांकोच्या आईच्या दारात गेली. माई चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत होती. पळी थांबली नाही, मानही वर झाली नाही.

"माई..."

"आलिनाफे परका पोरगा. त्याच्यावर कशाला रागावू? मी तुझ्याजवळ बोलले होते."

तियामिकेने गोळ्या उंबऱ्यावर ठेवल्या. यांकोने त्या उचलून तिच्या हातात परत दिल्या.

पुढच्या बुधवारआधी आलिनाफेचा फोन आला. "मला निवडलं! तुझंही नाव घेतलं हं मी भाषणात."

"नावं घ्यायला तुला छान जमतं," म्हणत तिने फोन ठेवला.

बुधवारी बाया आल्या. पोरं आणली होती, वजनं करून घ्यायची होती. यांकोची आई नव्हती. नदीपलीकडे माहेरी गेल्याचं कुणीतरी आंब्याकडे बघत सांगितलं. तियामिकेने ओळ सुरू केली. पाणी उकळा. झील आली नाही. तिने पुन्हा सांगितली. बाया पायांच्या बोटांकडे बघत बसल्या. तिचा एकटीचा आवाज नदीपर्यंत जाऊन आला आणि तिने तोंड मिटलं.

देवा, माझीच चूक, तिने मनात म्हटलं. पण आलिनाफेबद्दल क्षमेचा शब्द काही तोंडी येईना.

सगळ्या पांगल्यावर एक अनोळखी बाई मागे राहिली. पायांवर पलीकडच्या काठाचा काळा चिखल वाळलेला. तिने ओच्याचं टोक पुढे केलं.

"रक्तदाबाच्या गोळ्या दे. महिनाभराच्या."

"कुणा..." तियामिकेने शब्द तिथेच गिळला.

तिने गोळ्या ओच्यात ओतल्या. बाईने घट्ट गाठ मारली, ओढून पाहिली, आणि नदीकडे चालू लागली.