फळ्यावरची विहीर

बोलणं हे माझं काम नव्हे. कुणी माझ्यावर लिहावं, चार लोकांनी वाचावं आणि सकाळी पुसून टाकावं, एवढ्यासाठीच माझा जन्म. पण माझ्यावर जे लिहिलं गेलं त्यापेक्षा जे लिहायचं राहून गेलं, तेच मला आता जड झालंय. म्हणून बोलतो. मी पारनेर तालुक्यातल्या एका लहान गावच्या वाचनालयाचा फळा.

भिंगारच्या बाजारात एका सुतारानं मला घडवलं. छावणीच्या लिलावात त्याला सामानाची मोठी खोकी मिळाली होती. त्यांच्या फळ्या तासून, जोडून त्यानं मला उभा केला. माझ्या पाठीवर लष्कराचे पांढरे आकडे अजून आहेत. पोटाला मात्र काळा रंग आला. एस्टीच्या टपावर दोरीनं बांधून मी गावात आलो तेव्हा धुळीनं पांढरा झालो होतो. मला उतरवून घेणारा तरुण आपल्या सदऱ्याच्या बाहीनं मला पुसत म्हणाला, "आता बघ, तुझ्यावर काय काय लिहितो ते."

हा मच्छिंद्र. मॅट्रिक झालेला आणि वाचनालय सांभाळणारा. कपाटातली सगळी पुस्तकं त्याची दोनदोनदा वाचून झालेली. नगरच्या एका साप्ताहिकात त्याची एक गोष्ट छापून आली होती. त्या कात्रणाची घडी उलगडून उलगडून फाटली होती. आपण लेखक व्हायचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

त्यानं मला बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून टांगलं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे गावविहीर आणि तिचा रहाट. एवढं माझं जग.

सुरुवातीला माझ्यावर सूचना असायच्या. मग एके दिवशी मच्छिंद्रानं वरच्या बाजूला लिहिलं, 'आजची गोष्ट', आणि खाली पाच-सहा ओळी. एस्टीत चढलेल्या शेळीचं तिकीट काढायचं की नाही यावरून कंडक्टर आणि म्हातारी कशी भांडली, आणि तोवर शेळीनं तिकिटाची गड्डी कशी खाल्ली, अशी ती गोष्ट होती. लोक थांबले, हसले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कारभारी वाचून दाखवायचा. कारभारी म्हणजे गावातला एक म्हातारा. आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जाई. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच येऊन बसला.

"मच्छिंद्रा, आज काय?"

हा प्रश्न त्या दिवसापासून रोजचा झाला.

रोज नवं काय लिहायचं? मच्छिंद्र म्हणायचा, गोष्टी रस्त्यावर पडलेल्या असतात, वाकून उचलायच्या. आणि खरंच तो उचलून आणायचा. पिठाच्या गिरणीत दळण नसताना जाऊन बसायचा. न्हाव्यासमोर दाढी वाढली नसतानाही बसायचा. बाया पाण्याच्या पाळीत उभ्या असल्या की उगाच चपलेचा अंगठा शिवत रेंगाळायचा. कुणाचा एखादा शब्द, कुणाची चालायची तऱ्हा, कुणाच्या दारातला रुसवा, एवढ्यावरून त्याची गोष्ट व्हायची. नावं बदललेली असायची. त्यामुळे ज्याची गोष्ट तोही हसत वाचायचा.

मलाही ते दिवस आवडायचे.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस हुलकावण्या देतच होता, या वर्षी फिरकलाच नाही. रानं उघडी पडली. गाव खडी फोडायला, बंडिंगच्या, म्हणजे बांध घालायच्या, कामावर जाऊ लागलं. गिरणीत सरकारी दुकानातल्या तांबड्या मिलो ज्वारीचं दळण येई, आणि पीठ पडेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नसे. हसायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. पाण्याची बचत म्हणून मच्छिंद्र मला कोरड्या फडक्यानं पुसायचा. त्यामुळे कालच्या गोष्टीची अक्षरं आजच्या गोष्टीखाली पुसट दिसत राहायची.

आता त्याला काही सुचेना. खडू हातात धरून तो माझ्यासमोर उभा राहायचा. खडू घामानं ओला व्हायचा. पाठीमागून कारभारी विचारायचा, "आज काय?" आणि मच्छिंद्राची मान अवघडायची. दुष्काळात गावाला एवढीच एक करमणूक होती, हेही त्याला कळत होतं.

गावविहीर आटली तेव्हा गावानं ठरवलं, ती आणखी खोल न्यायची. वरचं बांधकाम जुन्या दगडाचं, खाली मुरूम. मुरमात सुरुंग लावायचे आणि गाळ टोपल्यांनी, रहाटावरून वर ओढायचा. खाली उतरणाऱ्यांत छगन होता. अंगानं काटक, कामाला वाघ. सगळ्यांत शेवटी वर येणारा.

त्याची बायको राहीबाई रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची. कडेवर उभी राहून हाक मारायची, "अवो, या वर!" मग छगन टोपलीत पाय ठेवून वर यायचा. तिच्या हाकेशिवाय त्याला दुपार झालेली कळायची नाही.

एका दुपारी मच्छिंद्र वाचनालयाच्या दारात बसला होता. हाक मारायच्या आधी राहीबाई विहिरीच्या कडेला वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. पदर डोक्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं. मग ती कडेनं थोडी पुढं सरकली आणि पुन्हा वाकली.

मच्छिंद्र उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी तरतरी दिसली.

दुसऱ्या सकाळी त्यानं माझ्यावर लिहिलं: 'एक बाई रोज भर दुपारी कोरड्या विहिरीत डोकावते. तिला तिथं काय दिसतं?'

कारभाऱ्यानं वाचलं. लोक जवळ सरकले. मग कुणीतरी म्हणालं, "आन् मग?"

त्या 'आन् मग'नं मच्छिंद्राला दिवस दिले. आता रोज नवं शोधायची गरज नव्हती. तो दुपारी राहीबाईला बघायचा आणि सकाळी पुढचा भाग लिहायचा. बाईच्या मनात काय चाललंय, घरात तिला कोण काय बोललं, विहिरीच्या तळाशी तिला कोण बोलावतंय. राहीबाई खरंच रोज वाकत होती. लोकांनी दोन आणि दोन चार करायला वेळ लावला नाही. ती रस्त्यानं निघाली की बोलणी थांबायची. बाया तिच्याकडे बघून डोळे टिपायच्या. ती कुणाला काही सांगायला गेली, तर "व्हय गं बाई, व्हय" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, आणि ऐकायच्या मात्र नाहीत.

एके दिवशी ती सरळ वाचनालयातच आली. मच्छिंद्र दारातच होता.

"भावजी, तुमी लिव्हताय ती मी न्हाई."

"नाही वहिनी, ती गोष्ट आहे. कुणाचीच नाही."

"असू द्या. मी विहिरीत जीव द्यायला बघत न्हाई. मी दगड बघतीया. सुरुंग लावल्यापासनं खालच्या अंगाला बांधकामाला फुगवटा आलाय. फट पार वर कडेपतूर आलीय, तिच्यातनं माती गळती. काल वाकले तर नख शिरत हुतं, आज बोट शिरतंय."

"छगनला सांगितलं?"

"सांगितलं. त्यो म्हनतो, तुला फळ्यानं येड लावलंय. सासूबाईबी तसंच म्हनत्यात." ती माझ्याकडे वळली. चौथीपर्यंत शिकलेली होती, माझ्यावरचं तिनं सगळं वाचलं. मग म्हणाली, "माझं कुनी ऐकंना. तुमचं सगळं गाव वाचतंय. तेवढं फळ्यावर लिव्हा. फुगवटा आलाय, आधी बघा, मग उतरा. येवढंच."

"लिहितो. उद्याच लिहितो," मच्छिंद्र म्हणाला.

त्याला तसं लिहायचंच होतं, यात मला शंका नाही. तिच्या तोंडावरची तगमग त्यानं पाहिली होती. पण ती बोलत असताना तो तिचे शब्द ओठांतल्या ओठांत घोळवत होता, हेही मी पाहत होतो. 'नख शिरत हुतं, आज बोट शिरतंय.' असं वाक्य त्याला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

रस्ता ओलांडून विहिरीपर्यंत जायला पान खाऊन होण्याइतकाही वेळ लागला नसता. तो गेला नाही.

सकाळी तो खडू घेऊन आला. वर लिहिलं, 'विहिरीच्या बांधकामाला'. थांबला. दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. लोक जमायला लागले होते. कारभारी म्हणाला, "हे काय, नोटीस का काय? आन् बाईचं काय झालं?" कुणीतरी हसलं.

मच्छिंद्रानं ते शब्द पुसले आणि एका दमात लिहून काढलं: 'ती म्हणाली, ही विहीर माझ्यासाठी फुगत चाललीय. काल तिच्यात माझं नख शिरत होतं, आज बोट शिरतंय. उद्या मी सगळीच शिरेन.'

तो खडू माझ्या अंगावर इतका जोरात चालला की शेवटच्या शब्दाशी मोडला.

कारभाऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं.  "काय लिव्हलंय रं!" कारभारी हळूच म्हणाला. एका बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती तडक छगनच्या घराकडे चालती झाली.

छगनची आई गोजरबाई घाबरट होती, वाईट नव्हती. 'उद्या मी सगळीच शिरेन' एवढं कानावर पडताच तिनं सुनेला आत ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आतून राहीबाई दारावर थापा मारत होती, हे मला मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळलं. "सासूबाई, त्यांना वर बोलवा. दार उघडू नका, पर त्यांना वर बोलवा." गोजरबाई दाराला पाठ लावून रडत बसली. भाकरी टोपल्यातच राहिली.

दुपार झाली. बाकीचे गडी वर आले, लिंबाखाली बसले, फडकी सोडली. छगन खालीच होता. भाकरी आली की वर येईल, रोज तसंच तर येतो, म्हणून कुणी त्याला हाक मारली नाही. खालून त्याच्या पहारीचा आवाज येत होता. मला तो नीट ऐकू येत होता.

मग एक दगड पडल्याचा आवाज झाला. पहार थांबली. छगननं वर पाहिलं असावं. त्यानंतर जो आवाज झाला त्यानं मी भिंतीवर थरथरलो. रहाट एका बाजूला कलला आणि दिसेनासा झाला. विहिरीतून धुळीचा लोट उठला. तो रस्त्यावर आला, माझ्यापर्यंत आला, आणि सकाळची ओळ त्याखाली झाकून गेली.

छगनला काढायला दुसरा दिवस उजाडला. मच्छिंद्र सगळ्यांच्या पुढं होता. हातांची सालं निघेपर्यंत दगड उपसत होता. राहीबाई कडेला बसून होती. तिनं एकदाही मच्छिंद्राकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, ती सांगत होती. तसं झालं नाही. कारभाऱ्यानं माझ्यावरची धूळ फुंकरीनं उडवली आणि ती ओळ पुन्हा वाचली.  "बघा. विहीर ढासळायच्या आधी लिव्हलंय. मच्छिंद्राला कळलं हुतं. लिव्हलं ते झालं."

गावाला हे पटलं. लोक माझ्यासमोरून जाताना पायातली चप्पल काढू लागले. काहीजण दुसऱ्या बाजूनं जाऊ लागले. एक म्हातारी मच्छिंद्राच्या पाया पडून म्हणाली, "बाबा, आमच्या घरचं काय सुचलं तरी लिव्हू नगंस." मच्छिंद्रानं पाय मागं घेतले. त्यानं त्यानंतर खडू हातात धरला नाही.

छगनच्या दहाव्याला गाव ढासळलेल्या विहिरीपाशी जमलं, तिथं राहीबाई उठली. आणि सगळ्यांसमोर स्वच्छ आवाजात म्हणाली, "ह्यात देव न्हाई आन् भूतबी न्हाई. दगड फुगला हुता. मी सांगितलं हुतं. इचारा त्यांना."

सगळ्यांनी मच्छिंद्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "वहिनी खरं बोलतात."

"लई मोठं मन हाय पोराचं," कारभारी डोळे पुसत म्हणाला. "बिचारीचं मन राखतोय."

राहीबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि ती एकटीच घराकडे निघाली.

मच्छिंद्र पुढच्याच महिन्यात गाव सोडून गेला. कुठं गेला, काय करतो, कुणाला ठाऊक नाही. मला जाळायला लोकांचा हात धजला नाही. त्यांनी मला उतरवलं, वाचनालयाच्या आतल्या खोलीत नेलं आणि तोंड भिंतीकडे करून उभं केलं. माझ्या पाठीवरचे लष्कराचे आकडे तेवढे आता खोलीकडे बघतात. मला दिसत काही नाही, ऐकू येतं.

वाचनालयाच्या मागच्या बाजूला नवी विहीर खणताहेत. पुन्हा सुरुंग, पुन्हा टोपल्या. राहीबाई रोज तिथं येते. आता तिला कुणाला भाकरी द्यायची नसते. ती कडेनं फिरते आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगते. "ह्या अंगाला ओल आलीय. त्यो धोंडा सुटलाय." पहिले काही दिवस गडी हसले. मग हसायचे थांबले, पण काम चालूच राहिलं.

आज सकाळी तिचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका गड्याचा, "थांबा रं. बघू तर दे." नव्या विहिरीवरचा रहाट कुरकुरत थांबला. त्याची पावलं कडेपाशी जाऊन थांबली, तो वाकला असावा.

मग तो ओरडला, "वर या! समदे वर या आधी!"

मी ऐकत होतो. एकेका गड्याला घेऊन तीन टोपल्या वर आल्या. तिसरी आली त्यानंतर बऱ्याच वेळानं माती घसरल्याचा आवाज आला. माणसाचा आवाज त्यात नव्हता.

माझं एवढंच मागणं आहे. मला पुन्हा बाहेर टांगा, रस्त्याकडे तोंड करून. आणि पहिल्या दिवशी खडू राहीबाईच्या हातात द्या.