सगळ्यांत हळू कोण?

नाडीच्या टोकावरचं प्लॅस्टिक निघून गेलं होतं आणि सुटलेले दोरे बुटाच्या भोकात काही केल्या शिरत नव्हते – थुंकी लावून पिळले, दातांत धरून टोक काढलं, तरी ऐन वेळी एक दोरा बाहेर राहायचाच... बूट जुने, पण तळ शाबूत. डोंगरासाठी म्हणून तर त्यानं ते माळ्यावरून काढले होते. आणि आता एवढ्याशा नाडीपाशी घोडं अडलं होतं. घोडं एकाच ठिकाणी अडलं तर माणूस समजू शकतो. इथे कालपासून जो तो त्याची शेपटी धरून मागे ओढत होता.

काल जेवण झाल्यावर त्यानं ताटं बाजूला सारून टेबलावर उद्यानाचा नकाशा पसरला होता. समोर बायको, मुलगी आणि मेहुणा – बायकोचा धाकटा भाऊ, सहलीला न चुकता हजर, सामान उचलायला न चुकता गैरहजर. डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात वाटा दोनच. खालची नदीकाठची, तिथे बस फिरवून आणते, बाकावर बसायचं, फोटो काढायचे, परत. आणि वरची – जंगलातून, मग खडकांतून, थेट बर्फाच्या तळ्यापर्यंत. वरच्या वाटेला परवाना लागतो, गटानंच जावं लागतं, गट फुटता कामा नये. आणि तिथला नियम असा, की सगळ्यांत हळू चालणाऱ्यानं सगळ्यांच्या पुढे राहायचं आणि सगळ्यांत दमदार माणसानं शेवटी. हे त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"शेवटी मी आहेच," तो म्हणाला. "आता पुढे कोण ते बोला. सगळ्यांत हळू कोण?" आणि गमतीनं मेहुण्याकडे पाहिलं.

 बायको टेबलावरचे कण बोटानं टिपत राहिली.

"भावजी, मला नाही जमायचं," मेहुणा म्हणाला. "गुडघा."

"गुडघा? कधीपासून?"

"असाच... परवापासून."

मग मुलगी म्हणाली, "बाबा, मला ना उंचीची भीती वाटते." उंचीची भीती! ही पोर लहानपणी त्याच्याबरोबर कामावर यायची, त्याचा हात धरून लिफ्टच्या खोल विहिरीत डोकवायची, हाक मारायची आणि खालून परत आलेला आवाज ऐकून खिदळायची... आणि शेवटी बायको, मान वर न करता: "माझीही टाच धरलीय हो, उजवी. खालचीच वाट बरी."

वा रे वा! तिघंही सगळ्यांत हळू. जगाच्या पाठीवर कुठल्या घरात हळू चालण्यासाठी अशी चढाओढ लागली असेल? तो नकाशाची घडी घालायला गेला, तर घडीही धड पडेना. हिवाळ्यात छातीत पाणी झालं तेव्हा इस्पितळातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यानं ठरवलं होतं, की उठलो तर त्या तळ्यापाशी जायचं. दुसरं काही नको. तिथवर गेलो की समजायचं, अजून आहे मी. डॉक्टर म्हणाले होते, "झेपेल तेवढं करा." झेपेल तेवढं! आणि ते ठरवणार कोण, मी की यांचे गुडघे आणि टाचा?

परवान्यासाठी नावं कळवायची मुदत आज संध्याकाळपर्यंत. सकाळी उद्यानाच्या कचेरीतल्या बाईनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं – वर का खाली, किती माणसं, तेवढं बोला. "कळवतो," तो म्हणाला होता. त्यानं नाडी तशीच अर्धवट ओवून सोडून दिली, रोजचे बूट चढवले आणि कामावर निघाला.

लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त करणाऱ्यालाच जिने चढावे लागतात, ही त्यांच्या धंद्यातली जुनी थट्टा. आजची इमारत कचेऱ्यांची, आणि मशीनची खोली अर्थातच गच्चीवर. बरोबर त्याचा नेहमीचा जोडीदार होता. त्याला सगळे तळमजला म्हणत, कारण जिना दिसला की तो पहिल्या पायरीवरूनच मागे फिरायचा. इतक्या वर्षांत वर जायचं काम यानं करायचं आणि खाली बटणं दाबून बघायचं काम तळमजल्यानं, असं कुणी न ठरवता ठरलेलं होतं. त्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, तेवढ्यात तळमजल्यानं ती अलगद काढून घेतली.

"तू थांब खाली. मी जातो वर. तेवढेच जरा पाय मोकळे होतील."

"तुझे?"

"मग काय, तुझे?" म्हणत तळमजला कठड्याला धरून चढायलाही लागला. दोन जिन्यांतच त्याचं धापणं खालपर्यंत ऐकू यायला लागलं.

त्याला आधी हसू आलं. तळमजल्याचे पाय मोकळे! मग ते हसू तोंडातच राहिलं... हा आवाज कुठे ऐकला होता आपण? काल. टेबलाशी. असाच – इकडेतिकडे बघत, घाईघाईनं, आधी पाठ करून आणल्यासारखा. गुडघा, उंची, टाच, पाय मोकळे... आणि मग एकेक जागेवर येऊन बसायला लागलं. बायको हल्ली घराच्या जिन्यात दर वळणावर थांबून पिशवीत चावी शोधते. तो वैतागायचा, अगं, आधीच काढून ठेवायला काय होतं तुला! मुलीला हल्ली नेमका चढावरच कुणाचा तरी फोन येतो. आणि मेहुणा, जो आयुष्यात कधी काही उचलत नव्हता, त्यानं गेल्या आठवड्यात बाजारातून दोन्ही पिशव्या आणल्या – तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, सुधारला.

म्हणजे सगळ्यांत हळू – मी.

तो बंद लिफ्टच्या दाराशी उभा राहिला. रागानं कानशिलं तापली. तोंडावर सांगायला काय झालं होतं? मी काय काचेचा आहे? पण सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, हा प्रश्नही पाठोपाठ आला, आणि त्याचं उत्तर त्याला चांगलं ठाऊक होतं. शिवाय... या घराला हे शिकवलं कुणी? पोर चालून चालून रडकुंडीला यायची, तेव्हा "बाई गं, मी दमलो, बसू या जरा," असं म्हणणारा कोण होता? सासूबाईंना दम लागायचा तेव्हा रस्त्यात दर पाच मिनिटांनी 'मलाच तहान लागली' म्हणून पाणी प्यायला थांबणारा? 'तुला जमणार नाही' असं या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. मलाच जमत नाही म्हणायचं – ही त्याचीच रीत, आता त्याच्याच गळ्यात पडली होती. आणि दुसऱ्याच्या अंगावर इतकी शोभणारी ही गोष्ट आपल्या अंगावर आली की इतकी बोचते, हे त्याला आज कळत होतं. सासूबाईंनाही कळत असेल का तेव्हा? कळत असणार. त्याच्याबरोबर पाण्याचे ग्लासावर ग्लास मुकाट रिचवायच्या बिचाऱ्या.

वरून तळमजल्याची हाक आली. त्यानं बटण दाबलं. लिफ्ट चालू झाली. तळमजला घामानं निथळत तीतूनच खाली आला आणि म्हणाला, "मस्त वाटलं!"

"चोर आहेस," तो म्हणाला. तळमजल्यानं विचारलं नाही, का म्हणून.

संध्याकाळी तो घरच्या इमारतीत शिरला तेव्हा वरच्या जिन्यात कुणीतरी भराभर चढत होतं. त्यानं मान वर केली. बायको. खांद्यावर भरलेली पिशवी, तोंडानं काहीतरी गुणगुणत, एक पायरी गाळून एक, तरण्या पोरीसारखी... किती दिवसांत तिला असं चढताना पाहिलं नव्हतं! त्याचा पाय पायरीवर घासला. तिनं वाकून खाली पाहिलं, आणि पुढच्या पायरीपासून ती लंगडायला लागली. डाव्या पायानं.

काल उजवी होती ना? शब्द अगदी जिभेवर आले. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा बोलण्याइतका श्वासच उरला नव्हता. ती वळणावर उभी राहून पिशवीत हात घालत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा घाबरलेला.

"कळवलंत का त्यांना?" तिनं विचारलं.

"नाही अजून." त्यानं दंड पुढे केला. "धर."

तिनं धरला. दोघं चढू लागली. तिचा हात त्याच्या बाहीवर नुसता टेकला होता – वजन म्हणून काही नाही. चार पायऱ्या, पाच... त्याला संताप आला, दिवसभरातला सगळ्यांत मोठा.

"टाच दुखतेय ना? मग टाक की भार!"

"टाकलाय की."

"नाही टाकलास."

ती थांबली. चावी शोधली नाही, काही नाही.  मग पिशवीसकट, खांद्यासकट, सगळीच्या सगळी ती त्याच्या अंगावर कलली. त्याचा गुडघा किंचित वाकला. मोकळ्या हातानं त्यानं कठडा पकडला. छातीत भाता सुरू झाला.

"जड होतंय का हो?"

"छे," तो म्हणाला – आणि आपण इकडेतिकडे बघत, घाईघाईनं म्हणालो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

खिशात फोन वाजायला लागला. त्याच उद्यानवाल्या बाईचा असणार. एका हातात बायको होती, दुसऱ्यात कठडा. आणि यातलं काय सोडलं तर आपण पडणार नाही, हे काही त्याला ठरवता येईना.