आरतीत धावणारा सर्व्हर

चौबे कॉलोनीतील त्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर मुंगीलाही शिरावयास वाट उरली नव्हती. डॉक्टर, परिचारिका, रक्त तपासणारे, खिडक्यांवरचे कारकून, सारे हात जोडून एका लोखंडी कपाटाकडे विस्फारित नेत्रांनी पाहत होते. कपाटात रुग्णालयाचा जुना सर्व्हर. रुग्णांचे सर्व अहवाल त्याच्याच पोटात. त्याच्या कपाळी तांब्याचे यंत्र चिकटविले होते, आणि समोर यंत्रेश्वर महाराज शंख फुंकीत होते.

"बच्चा, प्रोसेसर नया-पुराना नहीं होता! चिप माटी की, देह माटी की. प्राण फूँको, तो भैंसा भी घोड़ा!"

सकाळी शंभर अहवाल एकदम मागविले, तेव्हा चहावर साय धरली तरी ते आले नव्हते. आता आरती सरण्यापूर्वीच पडद्यावर हजर! एकच जयजयकार झाला.

संगणक विभागाची अपर्णा तेवढी हात न जोडता उभी होती. नव्या प्रोसेसरचा सर्व्हर तिने पारखण्यास मागविला होता, त्यात तेच अहवाल उतरवूनही ठेवले होते.

व्यवस्थापक अनंतराव म्हणाले, "अपर्णा, हे नवं धूड संध्याकाळच्या गाडीनं परत पाठव."

"सर, तांब्याच्या पत्र्यानं प्रोसेसर पळत नाही."

"डोळ्यांनी पाहून राहिली ना? मग काहून नाही मानत?"

अहवाल खरोखरच आले होते; ते कसे, हेच शल्य तिच्या अंतःकरणात सलत होते. तोच जिन्यावरून आरोळी आली.

"अवो, वर खिडक्यांवर कोणी हाय का नाही?"

ती बीरगांवची शेवंता. तिच्या मुलीला डेंग्यू झाला होता. रक्ताच्या अहवालावाचून पुढचा उपचार अडला होता. "मशीन पळून राहिली म्हणता, मंग माह्या पोरीचा रिपोर्ट काहून नाही? एका खिडकीत माणूस नाही, बाप्पा!"

अपर्णाच्या मस्तकात वीज चमकली. सकाळी प्रत्येक खिडकीचे काम सर्व्हरवर पडत होते. आरतीला सारे उठून आले, सर्व्हर रिकामा झाला. जू उतरविल्यावर म्हातारा बैलही उड्या मारतो!

"सर, सगळ्यांना आपापल्या खुर्चीवर पाठवा. काम चालू द्या. महाराजांनी इथं खुशाल आरती करावी."

महाराज चपापले. "बेटी, मेरी शक्ति शोरगुल में नहीं उतरती."

"मग ती आमच्या कामाची नाही, महाराज. हा गोंगाट म्हणजे आमचे पेशंट. शांतता पाहिजे तर मुडदाघर मागच्या बाजूला आहे."

"जबान सांभाळ, पोट्टी! नोकरी जाईल," अनंतराव गरजले.

"जाऊ द्या सर. पण आधी मोजा."

"हव, मोजा!" जिन्यावरून शेवंता ओरडली. प्रथम एक परिचारिका खाली मान घालून वर गेली. मग एकेक करीत सारेच गेले.

खिडक्या उघडल्या, तेच शंभर अहवाल पुन्हा मागविले. महाराजांनी शंख फुंकला, पुन्हा फुंकला, गाल डाळिंबासारखे लाल झाले. जुना सर्व्हर चिखलातल्या गाडीप्रमाणे रुतून बसला. मग अपर्णाने खिडक्यांसह तेच काम, तेवढ्याच गर्दीत, नव्या सर्व्हरवर सोपविले. शंभर अहवाल झराझर उतरले, त्यांतच शेवंताच्या मुलीचाही. कागद मुठीत धरून ती माय वॉर्डाकडे धावली. कोणाच्याही पाया पडावयास ती थांबली नाही.

महाराज मागच्या दाराने कधी निसटले, ते कळलेच नाही. अनंतरावांनी ते तांब्याचे यंत्र स्वतःच्या नखांनी खरवडून काढले.

वाचकहो, चमत्कार पाहावयास सारा गाव काम टाकून धावतो, म्हणूनच तो चमत्कार दिसतो. दोन यंत्रे तोलावयाची असतील तर दोहोंवर ओझे सारखे ठेवा. बाबा आणि विज्ञान यांनाही तोच नियम लावा. हात जोडण्यापूर्वी मोजा. कोणी दटावले, तर मोठ्या आवाजात मोजा.