पोटातला राग

बब्रुवान रागीट माणूस, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि खोटं कशाला बोला, त्याला स्वतःला त्याचा थोडा अभिमानही होता. पारावर बसला की सांगायचा, "म्या आवाज चढवला की बायको ताट घेऊन हजर. टाप न्हाय कुणाची समोर बोलायची." अडतीस वर्षांत मथुराबाईनं त्याला उलट उत्तर दिलं नाही, हे खरं होतं. तो ओरडायला लागला की ती उठायची, भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी वाढून ताट पुढं सरकवायची. चार घास पोटात गेले की आपण कशावरून ओरडत होतो, हे त्याला आठवायचंच नाही. याला तो आपला धाक समजत होता.

मथुराबाई मागच्या श्रावणात गेली. तेव्हापासून घरातलं सगळं सून शिवांजली बघायची. पोरगी कामाला चोख, हाताला चव, पण सासऱ्याला फार भ्यायची. तिच्या माहेरची रीत अशी, की माणूस तापला की त्याच्या समोरून बाजूला व्हायचं, आपोआप निवतो. म्हणून बब्रुवानचा आवाज चढला की ती ताट झाकून ठेवायची आणि परसात भांडी घासत बसायची. इकडं हा आणखी तापायचा. पाणी गार का नाही, म्हशीचं दावं कुणी सैल बांधलं, चष्मा कुणी हलवला... कारणांना काय तोटा! दुपारी तीनला कधीतरी झाकलेलं ताट त्याला दिसायचं. जेवायचा आणि गप पडायचा. सुनेला वाटायचं, ओरडून दमला.

संक्रांत झाली आणि एका रविवारी त्याचा एकुलता एक मुलगा युवराज समोर येऊन उभा राहिला. तो धाराशिवला एका शोरूममध्ये कामाला होता, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करायचा.

"दादा, तिथं खोली बघितलीय. एक तारखेला आमी दोघं जातो."

"का? इथं काय टोचतंय?"

"शिवांजलीला भ्या वाटतं तुमचं. तुमचा आवाज आला की तिचे हात कापतेत. तव्यावर टाकताना भाकर मोडते."

यावर जे बोलू नये तेच बब्रुवान बोलला. "जावा! कुणी धरून ठेवलंय?" आणि चप्पल अडकवून शेताकडं निघाला. सकाळच्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

रस्त्यानं हात थरथरत होते. थंडीच्या दिवसात कपाळाला घाम. छातीच्या खाली, बेंबीच्या वर, कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं होत होतं. त्याचा राग जन्मभर तिथंच यायचा.

बांधावर बसला. समोर हरभरा घाट्यांनी लगडला होता. हाताला चाळा म्हणून त्यानं एक डहाळा उपटला आणि घाटे सोलून हिरवे दाणे तोंडात टाकायला लागला. मनात युवराजला शिव्या चालूच. दुसरा डहाळा झाला, तिसरा झाला. चौथ्याला त्याच्या ध्यानात आलं, की शिव्या थांबल्यात. मूठ सुटली होती. हात थरथरत नव्हते. त्यानं ओढूनताणून राग आणून बघितला, तर येईना. उलट पोराचं म्हणणं काही खोटं नाही, असं वाटायला लागलं.

"आरं तिच्या," तो हरभऱ्याला म्हणाला, "ही तर भूक हाय!"

बासष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःची भूक ओळखता येऊ नये! पण ओळखायची वेळ आली होती कधी? लहानपणी बाप सांगायचा, गड्यानं भूक बोलून दाखवू नये. आणि पुढं मथुरा आली. मथुरा त्याला भीत नव्हती. ती त्याचं पोट ऐकत होती. तो म्हशीवरून ओरडायचा आणि तिला त्यात भाकरी ऐकू यायची. आणि एवढं कळूनही तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नाही, वाघाला वाघच राहू दिलं. ती गेली तेव्हा चारचौघांत दाबून धरलेलं रडू बब्रुवान तिथं बांधावर बसून रडला.

घरी आला तेव्हा युवराज बाहेर गेला होता. सासऱ्याला बघून शिवांजली ताटावर झाकण ठेवायला वळली.

"शिवांजली," तो उंबऱ्यात थांबून म्हणाला, "ते... मला भूक लागलीय."

एवढंसं वाक्य, पण ते म्हणताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"वाढू, मामा?"

"वाढ. आन हितनं पुढं मी ओरडाय लागलो तर पळू नगंस. ते पोट ओरडतंय. पोटात पडल्यावरबी ओरडलो, तर मातर चूक माझी."

हसावं की नाही हे तिला कळेना. तिनं ताट वाढलं आणि ताजी भाकरी थापायला बसली. तेवढ्यात कुणाचं तरी पोट मोठ्यानं गुरगुरलं. बब्रुवाननं आधी आपलंच समजून खाली बघितलं. पण आवाज परातीकडून आला होता.

"तू जेवलीस का?"

"तुमच्या आधी कशी जेवू?"

"मंजी रोज तीनपातूर उपाशी?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. बब्रुवानचा हात ताटातच थांबला. मथुराला भूक लागली की ती कशी दिसायची? गप व्हायची? डोकं धरायची? अडतीस वर्षांतलं त्याला काही म्हणजे काही आठवेना. तिनं त्याचं पोट ऐकलं आणि त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायला ती नव्हती.

तो उठला. फळीवरचं दुसरं ताट काढून समोर मांडलं.

"बस."

"मी मागनं खाते, मामा."

"मागनं कशाला? भूक तर आत्ता लागलीय."

शिवांजली तवा उतरवून बसली, पदर सावरून, तोंड जरा पलीकडं करून. पहिली भाकरी तिनं भराभर खाल्ली. मग हळूच म्हणाली, "खोलीची घाई करू नका म्हणून सांगते मी ह्यांना."

बब्रुवाननं टोपल्यातली भाकरी उचलली, निम्मी मोडली आणि तिच्या ताटावर धरून विचारलं, "आजून भूक हाय का?"

नको म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. मग थांबली. पोटावर हात ठेवला, क्षणभर आतलं ऐकलं आणि म्हणाली, "हाय."