महाराणी ब्याण्णववर

साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर आत्याची गाडी ब्याण्णवनं पळाली, असं पोलिसांच्या रडारनं सांगितलं आणि आमच्या घरात हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. आत्या हॉस्पिटलच्या चादरी लॉंड्रीत नेते-आणते. तिच्या म्हाताऱ्या व्हॅनला आम्ही महाराणी म्हणतो, कारण ती कधीच घाईत नसते.

नोटीस नीट वाचल्यावर मात्र हसू पळालं. गुन्हा सिद्ध झाला तर लायसन्स वर्षभर रद्द. म्हणजे काम बंद आणि आत्या वर्षभर घरात. तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, त्यांचा तर चेहराच उतरला. मी नुकतीच वकील झाले होते. पहिलीच केस, तीही घरची. पण तोरा असा की विचारू नका.

"आत्या, कबूल काही करायचं नाही. ते रडार बरोबर चालतं का, हे आपल्यासमोर तपासा म्हणायचा तुला हक्क आहे."

"मग म्हणू की. हक्काचं मागायला लाज कसली?"

कोर्टात मला भलताच जोर चढला. "मॅडम, ही गाडी साठच्या वर जाऊच शकत नाही. चढावर सायकलवाले हिला मागे टाकतात. इंजिन म्हणजे नुसता खुळखुळा!" लोक हसले, तशी मी आणखी फुगले.

"खुळखुळा?" मागून आवाज आला. आतोबा उभे होते. ते मेकॅनिक. महाराणीचं इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी खोलून जोडलेलं, आणि रोज सकाळी ते डोळे मिटून त्याचा आवाज ऐकणार. "मी बांधलंय ते इंजिन! ब्याण्णव काय, शंभर गाठेल!"

आत्यानं कपाळावर हात मारला. सरकारी वकील म्हणाले, "आमचं म्हणणं संपलं," आणि मजेत खाली बसले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग हक्क आठवला. "मॅडम, रडार इथेच तपासावं." न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. मी रडार लावणाऱ्या हवालदारांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"चौकीत. खिडकीशी."

"खिडकीत काय होतं?"

"पंखा. उकाडा केवढा होता, ताई!"

मग काय, न्यायाधीशबाईंच्या मागचाच पंखा उचलून खिडकीत ठेवला. खाली आवारात महाराणी उभी होती, इंजिन बंद, किल्ली आत्याच्या पर्समध्ये. हवालदारांनी रडार हातात घेऊन पंख्यावरून तिच्यावर नेम धरला. एकाहत्तर! पंखा बंद केला, काही नाही. चालू केला, पुन्हा एकाहत्तर. न्यायाधीशबाईंनी ओठ चावून पाहिला, पण शेवटी त्या खो-खो हसल्याच. हवालदारही हसले. केस निकालात निघाली आणि माझा जीव भांड्यात पडला. आत्यानं मला भर कोर्टात मिठी मारली.

परतताना आतोबा मात्र खिडकीकडे तोंड करून बसले. आम्ही तिघं पुढेच बसलो होतो, मी मध्ये.

"चुकलं माझं, आतोबा," मी म्हणाले.

"सगळ्यांसमोर खुळखुळा म्हणालीस." ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आत्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. "इथे शंभरची मर्यादा आहे ना गं?"

"हो."

"अहो, पट्टा घट्ट करा."

तिनं पाय दाबला. दारं खडखडली, काचा थरथरल्या, मागे चादरींची गाठोडी नाचायला लागली. आतोबांनी सवयीनं डोळे मिटले आणि कान लावला. काटा अठ्ठावन्नवर लटपटत उभा होता.

"किती?" आतोबांनी विचारलं.

आत्यानं मला कोपर मारलं.

"ब्याण्णव," मी कोर्टातल्या आवाजात म्हणाले.

त्यांचा चेहरा असा खुलला! तेवढ्यात शेजारून काहीतरी मोठ्यानं हॉर्न वाजवत गेलं.

"काय होतं ते?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"बस होती," आत्या म्हणाली. "मागे पडली बिचारी."