हवालदाराने दिलेला शब्द

मेजर फौजेतून निवृत्त झाले तेव्हा राजकारण त्यांच्या डोक्यातही नव्हतं. पण पक्षाला स्वच्छ माणूस हवा होता, आणि मेजरांना खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसं त्यांना भाषणही करता येत नव्हतं. कवायतीचे हुकूम सोडावेत तशी चार वाक्यं सोडून ते खाली बसत. त्यांना निवडून आणलं ते त्यांच्या जुन्या तुकडीतल्या हवालदाराने. एका पायाने अधू असलेला हा गडी लंगडत दारोदार हिंडला. साहेब आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाहीत, हा माझा शब्द, असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगत राहिला.

आमदार झाल्यावर मेजरांनी सुरुवातीला जीव तोडून काम केलं. सकाळी सकाळीच सरकारी दवाखान्यात जाऊन बसत, डॉक्टर वेळेवर येतो की नाही बघत. पुढे सरकारने लहान दवाखाने बंद करून शहरात एकच मोठं रुग्णालय ठेवायचं विधेयक आणलं. बाजूनेच मत द्यायचं, असा पक्षाचा आदेश निघाला.

हवालदार कार्यालयात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. विरोधात मत द्या, म्हणाला. अडलेल्या बाईला एवढ्या लांब न्यायचं कसं?

“आदेश आहे रे,” मेजर म्हणाले. “आदेश मोडायची सवय नाही मला.”

“तिथे आदेश वरून यायचा, साहेब. इथे तुम्हाला आम्ही पाठवलंय.”

मेजरांनी समोरची फाईल उघडली. हवालदार लंगडत निघून गेला.

मतदानाच्या वेळी मेजर सभागृहात ताठ उभे राहिले आणि ‘होय’ म्हणाले. पुढच्या फेरबदलात त्यांना राज्यमंत्रिपद मिळालं. घरी फुलांचे गुच्छ मावेनात. बायकोने एवढंच विचारलं, हवालदार भावजी कसे आले नाहीत? मेजर गुच्छ उचलून आत ठेवायला लागले.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट कापल्यावर मेजरांना वेळच वेळ मिळाला. बरेच दिवस घुटमळून एकदा ते हवालदाराच्या घरी गेले. त्याने उठून खुर्ची पुढे केली, चहा ठेवायला सांगितला.

“चुकलो मी,” मेजर म्हणाले. “तुझा राग बरोबरच आहे.”

“राग नाही, साहेब. पण घरोघर शब्द मी दिला होता. दवाखान्याला कुलूप लागल्यावर लोक जाब विचारायला माझ्याच दारात आले. तुमच्या दारावर शिपाई होता.”

मेजरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, चल, दोघं मिळून पुन्हा प्रत्येक घरी जाऊ, मी सगळ्यांची माफी मागतो.

हवालदाराने मान हलवली. “आता नको. आत्ता कुठे लोक माझ्याशी बोलायला लागलेत.”

मेजरांनी चहा संपवला. हवालदार त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला. रस्त्यावर मात्र त्यांच्याबरोबर आला नाही.